निळं न झालेलं पोलाद

माझ्याबद्दल एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कोणाला माझी कीव येणार नाही. मला पोलादातलं कळतं, हे मी नाशिकमधल्या अंबडच्या कारखान्यात बावीस वर्षं ज्याला त्याला ऐकवत आलो. भट्टीचं दार उघडलं की आतल्या लाल रंगावरून मी तापमान सांगायचो, आणि मीटर बघितला तर पाच-दहा अंशांचाच फरक निघायचा. साहेब लोक माना डोलवायचे. आजूबाजूला माना डोलवणारे फार झाले की माणूस कामातून जातो. मी तसा गेलो, आणि जाताना एकटा गेलो नाही, याचंच वाईट वाटतं.

माझा थोरला भाऊ देवराम रविवार कारंजाजवळ फुटपाथवर बसायचा. वर ताडपत्री, पुढ्यात लाकडी पेटी. पावसाळ्यात छत्र्या दुरुस्त करायचा, बाकीचे आठ महिने चाव्या बनवायचा आणि अडकलेली कुलपं उघडून द्यायचा. कुलूप उघडायच्या त्याच्या काड्या छत्रीच्याच असत. मोडक्या छत्रीची काडी काढायची, ठोकून चपटी करायची, कानशीने टोकाला आकार द्यायचा. मग स्टोव्हवर लाल करून तेलात टाकायची, घासून चकचकीत करायची आणि पत्र्यावर वाळू पसरून त्या वाळूत पुन्हा हळूहळू तापवायची. एवढ्या सोपस्काराला मी हसायचो. "छत्रीच्या काडीला कसली ट्रीटमेंट देतोस रे," असं त्याला चारचौघांत म्हणायचो. तो नुसता हसायचा. माझ्यासारखा तोंडाळ तो कधीच नव्हता.

त्र्याण्णव साली कावीळ झाली आणि महिन्याभरात तो गेला. घरात ललिता वहिनी आणि दोन पोरी राहिल्या. वहिनी मूळच्या दिंडोरीकडच्या, चौथी शिकलेल्या. पण सात-आठ वर्षं दुपारचा डबा घेऊन त्या देवरामजवळ जाऊन बसत होत्या आणि बसल्या बसल्या सगळं शिकल्या होत्या. तेराव्यानंतर आठवड्याने त्यांनी ताडपत्री बांधली आणि स्वतः पेटीमागे बसल्या. भावकीतल्या लोकांनी नाकं मुरडली. गिऱ्हाईक यायचं, "मालक कुठेत?" म्हणायचं आणि पुढे जायचं. मग एकदा एका कापडवाल्याचं शटर त्यांनी पाच मिनिटांत उघडून दिलं, आणि त्यानेच चार जणांना सांगितलं. वर्षभरात त्यांचं बस्तान बसलं. बायका तर आवर्जून त्यांनाच घरी बोलवायच्या, कारण कपाट उघडायला परका पुरुष घरात नको असायचा. मला त्यांचा अभिमान वाटायचा. तेवढं तरी खरं आहे.

पंच्याण्णवच्या मार्चमध्ये त्या मला म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांच्या काड्या झिजल्या आता. मला तापवायचं काय जमत नाय. चार काड्या करून द्याल का? ह्यांच्यासारख्याच."

"यांच्यासारख्या कशाला? त्याच्यापेक्षा भारी देतो," मी म्हणालो.

"भारी नको. ह्यांच्यासारख्या द्या. तेलातनं काढल्यावर ते निळं होईस्तोवर तापवायचे. मोराच्या मानंसारखं निळं. त्याच्या आधी उचललं तर स्वतःवरच चिडायचे."

इथे जरा थांबून सांगायला हवं. पोलाद लाल करून तेलात बुडवलं की ते कडक होतं, पण त्याच वेळी ते काचेसारखं ठिसूळही होतं. म्हणून त्याला दुसऱ्यांदा बेताने तापवायचं. याला आम्ही पाणी उतरवणं म्हणतो. घासलेल्या पोलादावर एकामागून एक रंग चढत जातात, आधी गव्हाळ, मग तपकिरी, मग जांभळा आणि शेवटी निळा. रंग जितका पुढे जाईल तितका कडकपणा कमी होतो आणि लवचीकपणा वाढतो. कोरायच्या हत्याराला गव्हाळ पुरतो, स्प्रिंगला निळा लागतो. कुलपाची काडी म्हणजे एक प्रकारची स्प्रिंगच, कारण ती कुलपात दबली पाहिजे, वाकली पाहिजे आणि परत सरळ झाली पाहिजे. हे मला ठाऊक नव्हतं असं कोणी समजू नये. आयटीआयच्या पहिल्या वर्षाला हे शिकवतात.

पण आमच्या शेडमध्ये कडकपणा मोजायचं यंत्र होतं. त्याचा काटा साठच्या वर गेला की माल पास, खाली राहिला की शिव्या. मऊ निघाला म्हणून माल परत आलेला मी शंभर वेळा पाहिला होता. फार कडक निघाला म्हणून परत आलेला एकदाही पाहिला नव्हता. इतकी वर्षं त्या काट्याकडे बघून बघून माझी अशी समजूत झाली होती, की कडक म्हणजे चांगलं आणि निळं म्हणजे मऊ, फुटपाथवरचं काम. मी भंगारातून ओएचएनएसची पातळ पट्टी उचलली. आमच्याकडचं हे उत्तम हत्यारी पोलाद, डाय म्हणजे साचे बनवायचं. छत्रीच्या काडीसमोर म्हणजे राजाच. जेवणाच्या सुट्टीत सहा काड्या कापल्या, घासल्या, कंपनीच्या कामाबरोबर भट्टीत सारल्या आणि तेलात टाकल्या. पाणी उतरवायला ठेवल्या खऱ्या, पण जेमतेम गव्हाळ झाक येते न येते तोच बाहेर काढल्या. त्यांच्याबरोबरच तापवलेल्या पट्टीच्या तुकड्यावर काटा लावला. एकसष्ट. मी शेडमधल्या सगळ्यांना बोलावून दाखवला.

वहिनींनी काड्या उन्हात धरून बघितल्या. "निळ्या नाय केल्या?"

"कारखान्यात असं काही नसतं, वहिनी. तिथे मशीन सांगतं."

"वाकंना ही."

"वाकू नये म्हणूनच तर केलीय."

"वाकली तर सरळ करता येती, भाऊजी. मोडली तर आत राहती."

मला राग आला. बावीस माणसांच्या शेडमध्ये ज्याच्या शब्दाला किंमत, त्याला चौथी शिकलेली बाई पोलाद शिकवणार! मी म्हणालो, "तुम्हाला नको असतील तर द्या परत." त्या गडबडल्या. दीर एवढं करतोय आणि आपण खोट काढतोय, असं त्यांना वाटलं असणार. "नाय नाय, लय चांगल्या केल्यात," म्हणाल्या आणि काड्या पदराने पुसून पेटीत ठेवल्या. मी तिथेच बसून जुन्या काड्यांची जुडी उचलली आणि शेजारच्या भंगारवाल्याच्या टोपलीत टाकली. त्या बघत होत्या.

दीड महिना काही झालं नाही. साध्या कुलपांना जोर लागत नाही.

मे महिन्यात माझ्या सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्याजवळ गप्पा मारत बसलो होतो. अकराच्या सुमाराला पंचवटीतल्या एका मंगल कार्यालयाचा माणूस धावत आला. घोटीच्या सावळीराम नावाच्या भात गिरणीवाल्याच्या मुलीचं लग्न होतं. नवरीचा शालू, दागिने, मंगळसूत्र, सगळं एका खोलीत ठेवून खोलीला कुलूप लावलेलं, आणि मुलीचे काका चावी खिशात घालून नाशिकरोडला पाहुणे आणायला गेलेले. गाडीला उशीर झालेला. मुहूर्त बारा पंचवीसचा.

वहिनी उठेनात. "लग्नघर हाय, भाऊजी. मी आत गेलेलं बरं दिसंल का?"

कपाळ मोकळं असलेल्या बाईने लग्नाच्या सकाळी नवरीच्या खोलीच्या दारात बसायचं, याचा अर्थ त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होता. मी म्हणालो, "लोक एवढे मागासलेले राहिलेत का आता? काम आहे, चला." आणि त्यांना लुनावर मागे बसवून होळकर पुलावरून घेऊन गेलो. माझ्या काड्या एवढ्या मोठ्या ठिकाणी चालणार याचीच मला हौस होती. वहिनींची काळजी त्यात कुठेच नव्हती.

खोलीला आठ लिव्हरचं, म्हणजे आत आठ पट्ट्या असलेलं, मोठं कुलूप होतं. भोवती पंचवीस-तीस माणसं गोळा झालेली. कार्यालयाच्या मॅनेजरने विचारलं, "जमेल ना बाईंना?" वहिनींनी तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "हत्यार आमच्या कंपनीच्या भट्टीतलं आहे. मी स्वतः केलंय. दहा मिनिटांत उघडेल."

त्या खाली बसल्या. एका काडीने ताण धरला, दुसरीने आतल्या पट्ट्या एकेक करून उचलायला लागल्या. मी कान देऊन ऐकत होतो. एक उचलली गेली, दुसरी, तिसरी. पाचव्या पट्टीपर्यंत त्यांचा श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता. सहावी घट्ट असावी. त्यांनी काडी जराशी, अगदी जराशी दाबली आणि खडा फुटावा तसा आवाज झाला.

काडीचं टोक आत राहिलं होतं. त्यांनी ते चिमट्याने काढायचा प्रयत्न केला, ते आणखी आत गेलं. एवढ्यात बाहेर जीप वाजली. काका आले होते. खिशातून चावी काढत, माणसं बाजूला सारत ते दारापाशी आले आणि त्यांनी चावी कुलपात घातली. ती अर्धीच गेली. पुढे जाईना.

त्यानंतर जे झालं ते मला शब्दाशब्दाने पाठ आहे. नवरीची एक आत्या मोठ्याने म्हणाली, "हिला कोणी बोलावलं? हात लावला नसता तर आता उघडलं असतं की!" दुसरी कोणी तरी म्हणाली, "कपाळ बघितलं का हिचं? आजच्या दिवशी दारात बसवली." वहिनींनी पदर पुढे ओढला. माझ्या हातात तोवर काडीचा उरलेला तुकडा आला होता. मी मोडलेलं तोंड बघितलं. मिठाच्या खड्यासारखं पांढरं, दाणेदार, आणि काडीला कुठे म्हणजे कुठे बाक नव्हता. हाताच्या जोराने मोडलेलं चांगलं पोलाद आधी वाकतं. हे वाकलंच नव्हतं. दोष काडीचा होता, म्हणजे भट्टीचा, म्हणजे माझा. मला क्षणभरही शंका आली नाही.

मॅनेजर माझ्याकडे वळला. "काय हो, तुम्ही कारखान्यातले ना? काय झालं हे?"

सगळे माझ्याकडे बघत होते. पाच मिनिटांपूर्वी मारलेली बढाई अजून हवेत होती. मी म्हणालो, "वहिनींचा जोर जास्त लागला."

वहिनींनी मान वर केली. "हो का, भाऊजी?" त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. त्या खरंच विचारत होत्या, कारण पोलादातलं मला कळतं हे त्यांना मीच सांगितलं होतं. मी मान हलवली.

कुलपाची कडी कापायला पाऊण तास गेला. अक्षता पडल्या तेव्हा एक वाजून गेला होता. आम्ही त्याच्या आधीच मागच्या दाराने निघालो होतो.

बातमी आमच्या आधी रविवार कारंजावर पोचली. बायका आपल्या कपाटासाठी बोलवेनाशा झाल्या. पुरुष गिऱ्हाइकं गमतीने म्हणायची, "बाई, हळू बरं का." पण धंदा लोकांमुळे बसला असं म्हणून मी सुटू शकत नाही. धंदा बसला तो वहिनींचा स्वतःवरचा विश्वास गेल्यामुळे. साधं गोदरेजचं कपाट आलं तरी त्या अर्ध्यावर काडी काढून घ्यायच्या. "माझा हातच जड हाय," म्हणायच्या. मी दोनदा सांगायला म्हणून गेलो आणि दोन्ही वेळा चहा पिऊन परत आलो. जूनमध्ये छत्र्यांचा हंगाम तोंडावर असताना त्यांनी ताडपत्री सोडली आणि पेटी मला देऊ केली. मी ती घेतली नाही. त्यांना वाटलं, दिराचा मोठेपणा.

पुढे दर हंगामात त्या बायकांच्या टेम्पोतून पिंपळगाव बसवंतला जायला लागल्या. तिथे द्राक्षांचं पॅकिंग चालतं. थंडगार शेडमध्ये दिवसभर उभं राहून घडातले खराब मणी कात्रीने काढायचे. बारा वर्षं त्यांनी ते काम केलं. पोरींची शिक्षणं, लग्नं त्यावर झाली. मी या काळात शेडचा फोरमन झालो, आणि माझ्या टेबलावर एक काच होती, तिच्याखाली माझा सत्काराचा फोटो.

दोन हजार सातच्या फेब्रुवारीत धाकट्या पुतणीला, निकिताला, मुलगा झाला. ती बातमी द्यायला मी पिंपळगावला गेलो. वहिनी टेबलापाशी उभ्या होत्या. डाव्या हातात देठाला धरलेला घड, उजव्या हातात कात्री. कात्रीचं टोक मण्यांच्या मधून असं जायचं, की शेजारच्या मण्यावरची पांढरी पूडसुद्धा पुसली जात नव्हती. शेडचा सुपरवायझर मला म्हणाला, "परदेशात जाणाऱ्या मालाला आम्ही यांनाच उभं करतो. एवढा हलका हात अख्ख्या शेडमध्ये नाही."

वहिनी लाजल्या. "हलका कसला? माझा हात जड हाय, म्हणून जपून करते," म्हणाल्या.

मला तिथेच भडभडून आलं. बारा वर्षं ही बाई माझं वाक्य सांभाळून काम करत होती. जेवणाच्या सुट्टीत आम्ही बाहेर क्रेटवर बसलो, आणि मी सगळं सांगितलं. भट्टी, एकसष्टचा काटा, मोडलेलं तोंड. काडीला बाक नव्हता हे सांगितलं. मला तेव्हाच कळलं होतं, हेसुद्धा सांगितलं. बोलताना मी रडत होतो, आणि रडताना मनात कुठेतरी वाटत होतं की आता त्या माफ करतील. मी असाच आहे.

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाल्या, "ती पोरगी कशी असंल?"

"कोण पोरगी?"

"नवरी. तिची येळ माझ्या हातानं चुकली. बारा वर्षं रोज सकाळी देवाला हात जोडते तर ती आठवती. कुठं काय वाईट ऐकलं, कोणाची लेक माघारी आली, की मला वाटतं तीच असंल." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "घोटीला जाऊन या, भाऊजी. ती बरी हाय का बघा. आन त्या लोकांना सांगा, माझा हात नव्हता म्हणून. मला सांगून काय उपेग? ज्यांच्यापुढं बोललात त्यांना सांगा."

मी दुसऱ्याच दिवशी रजा टाकून घोटीला गेलो. गिरणी शोधायला त्रास पडला नाही. सावळीराम आता थकले होते, ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. मी नाव सांगितलं, लग्नाचं सांगितलं, कुलपाचं सांगितलं. हात जोडून म्हणालो, "त्या बाईंचा काही दोष नव्हता. हत्यार मी चुकीचं केलं होतं, आणि खोटंही मीच बोललो."

म्हातारा माझ्याकडे बघत राहिला. "कोणती बाई?"

मी पुन्हा सांगितलं. त्यांनी आठवायचा प्रयत्न केला. "कुलपाचा काहीतरी घोळ झाला व्हता खरा. बाई व्हती का? मला आठवत नाय बुवा. जिलबी कमी पडली आन व्याही रुसले, ते मातर आठवतं." मग त्यांनी आत हाक मारली. त्यांची मुलगी आशा, म्हणजे तीच नवरी, माहेरपणाला आलेली होती. मागोमाग तिची दोन मुलंही आली. इगतपुरीला शाळेत शिकवते म्हणाली. मी तिलाही सांगितलं. ती खो खो हसली.

"माझा मुहूर्त चुकला होता? आई, ऐकलं का गं? उशीर तर सगळ्याच लग्नांत होतो. मुहूर्ताचं मला कोणी बोललंच नाही!"

तेव्हा ओरडलेली आत्या पाच वर्षांपूर्वीच वारली होती. मला जेवायला वाढलं, निघताना पिशवीभर तांदूळ दिला. कोणी वाईट बोललं नाही. मी एसटीत बसलो आणि घोटी ते नाशिक मला खिडकीबाहेर काय होतं ते दिसलं नाही. त्या घरात शिव्या खाल्ल्या असत्या तर बरं झालं असतं.

रविवारी वहिनी पिंपळगावच्या टेम्पोची वाट बघत नाक्यावर उभ्या होत्या. हंगामात त्यांना रविवारची सुट्टी नसे. मला बघून दोन पावलं पुढे आल्या. "बरी हाय का ती?"

"मजेत आहे. दोन मुलं आहेत, शाळेत शिकवते."

त्यांनी डोळे मिटले आणि खोल श्वास सोडला. तेवढ्यावर थांबता आलं असतं. पुढचं मी गोड करून सांगू शकलो असतो, की त्यांना फार वाईट वाटलं, तुमची माफी मागितलीय. वाक्य तोंडात तयारही होतं. पण या बाईशी एकदा खोटं बोलून झालं होतं.

"आणि काय म्हणाले? सांगितलंत ना?" त्यांनी विचारलं.

"सांगितलं. त्यांना काहीच आठवत नाही, वहिनी. तुम्ही तिथे होतात हेसुद्धा नाही. मुहूर्त चुकला हे त्या मुलीला माहीतच नव्हतं."

टेम्पो आला. बायका चढायला लागल्या, कोणीतरी "ललिताबाई, चला" म्हणून हाक मारली. त्या जागच्या हलल्या नाहीत.

"म्हणजे कोणाच्या ध्यानातच नव्हतं," त्या म्हणाल्या. "मग मी ह्यांची पेटी सोडली कोणापायी?"

"माझ्यापायी," मी म्हणालो.

"हो," त्या म्हणाल्या, आणि डब्याची पिशवी खांद्याला लावून टेम्पोत चढल्या.